वजनकाट्यावर डोळा, गाडीच्या काट्याकडे काणाडोळा



उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की आपण सारे कसे सावध होतो! काटा शून्यावर होता का, गाडी प्लॅटफॉर्मवर नीट उभी आहे का, पावती बरोबर निघाली का, हे सगळे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्यात गैर काहीच नाही. घामाचा माल आहे, त्याचे माप चोख व्हायलाच हवे. पण त्याच गाडीच्या डॅशबोर्डवर दुसरा एक काटा असतो. तो इंजिनच्या पाण्याची उष्णता दाखवतो. तो जागचा हलला, वर चढला, खाली आला, पुन्हा वर गेला, तरी आपण म्हणतो, "त्याला तशी सवयच आहे. काय व्हायचंय? चालतंय की!" आणि मग एके दिवशी भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघते, इंजिन जाम होते आणि हजारोंचा फटका बसतो.

आज सभासदांच्या दारात मोटारी आल्या, जीपा आल्या. ट्रॅक्टर तर बहुतेक वस्त्यांवर आहे. कर्ज काढून वाहने घेतली. पण त्या वाहनाची भाषा शिकायची आपण तसदी घेतली नाही. हलणारा काटा ही त्या भाषेतली पहिली बाराखडी आहे. या विषयावर माझे मत मी स्पष्टच मांडतो: काटा हलतो म्हणजे काहीतरी सांगतो. ते समजून न घेता अंदाजाने सुटे भाग बदलत बसणे हा शेतकऱ्याच्या पैशाचा अपव्यय आहे, आणि न बघता गाडी तशीच दामटणे हा त्याहून मोठा अपव्यय आहे. या दोन्हींच्या मधला मार्ग सोपा आहे, स्वस्त आहे, आणि दहावी शिकलेल्या कोणत्याही मुलाला जमण्यासारखा आहे.

काटा नेमके काय मोजतो?

इंजिनमध्ये जळणाऱ्या डिझेल-पेट्रोलची सगळीच उष्णता चाकाला मिळत नाही. साधारण पाव ते तिसरा हिस्सा उष्णता पाण्यात जाते. ते पाणी वॉटर पंप फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून ते जाते, पंखा व समोरचे वारे त्याला थंड करतात आणि ते पुन्हा इंजिनकडे येते. मधे थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा वॉल्व असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच फिरते आणि लवकर तापते. बऱ्याच इंजिनांत पाणी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला आले की तो उघडू लागतो. त्याच्या आत मेणाची गोळी असते. मेण वितळून फुगते आणि वॉल्व ढकलते. वीज नाही, तार नाही. ही मेणाची युक्ती सर्जियस व्हर्नेट या अमेरिकन संशोधकाने १९३०च्या दशकात काढली आणि अजून बहुसंख्य गाड्यांत तीच चालते.

काटा स्वतः पाण्यात बुडालेला नसतो. पाण्यात बुडालेला असतो तो सेन्सर. पाणी तापले की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो, आणि त्यावरून काटा वर सरकतो. म्हणजे काटा ही ऐकीव बातमी झाली. पाणी सेन्सरला सांगते, सेन्सर तारेला सांगतो, तार काट्याला सांगते. बातमी कुठल्या टप्प्यावर बिघडली, हे शोधणे यालाच निदान म्हणायचे.

ही अडचण नवी नाही. १९१०च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर रेडिएटरच्या झाकणावरच बसवीत. चालवणाऱ्याने काचेतून समोर बघायचे आणि उष्णता वाचायची. पण तो थर्मामीटर पाण्यात बुडालेला नसे. पाण्याच्या वरची वाफ तो मोजत असे. उपकरण कोणतेही असो, ते कशाला टेकले आहे हे आधी विचारावे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

दाबाचे गणित आपल्याला ठाऊकच आहे

रेडिएटरचे झाकण म्हणजे नुसते बूच, असा आपला समज असतो. ते खरे नाही. त्यात स्प्रिंग असते आणि ते आतला दाब धरून ठेवते. साध्या हवेच्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळते. झाकणावर १.१ असा आकडा असेल तर तेवढा दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. उलट दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते.

आपल्या कारखान्यात हेच तत्त्व रोज वापरले जाते. व्हॅक्यूम पॅनमध्ये दाब कमी करतात म्हणून पाक ६० ते ७० अंशांना उकळतो आणि साखर करपत नाही. पॅनजवळ उभ्या असलेल्या आपल्या कामगाराला हे पाठ आहे. आता विचार करा, गाडीच्या झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग मेली, तर दाब टिकेल कसा? जे पाणी ११० अंशांनाही शांत राहायला हवे ते १०० लाच उकळ्या फोडते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि काटा नाचू लागतो. संपूर्ण कूलिंगमधला हा सर्वांत स्वस्त भाग आहे. पण गॅरेजमध्ये रेडिएटर बदलतात, पंप बदलतात, आणि जुने झाकण मात्र पुन्हा तेच बसवतात!

आधी बघा, काटा केव्हा हलतो

डॉक्टर रोग्याला पहिला प्रश्न विचारतात तो "ताप केव्हा येतो?" हा. गाडीलाही तोच विचारावा. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: वेळ, वेग, चढ की सपाट, एसी चालू की बंद, गाडीत भार किती, आणि काटा कुठे होता. हे टिपण मिस्त्रीच्या हाती द्या. त्याचे निम्मे काम तिथेच होते.

बाजारात, फाटकावर, कारखान्याच्या गेटाबाहेर नंबर लावून उभे असताना काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, असे असेल तर बहुधा हवेचा दोष आहे. उभ्या गाडीला वारे नसते, सगळा भार पंख्यावर असतो. विजेचा पंखा असेल तर तो सुरू होतो का ते बघा. त्याचा फ्यूज, रिले, स्विच तपासा. पट्ट्यावरचा पंखा असेल तर पट्टा सैल आहे का बघा.

उभी असताना ठीक, पण लांब चढाला किंवा भरल्या ट्रॉलीला काटा चढतो, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी भरल्या असतील, जाळी बाहेरून बुजली असेल, पंपाचे पाते झिजले असेल, किंवा पंपाकडे जाणारा होज पाईप ओढीने आत चिकटत असेल.

उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात काटा खाली येतो आणि थांबल्यावर मधे जातो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. थंड पाणी सतत फिरते आणि इंजिन तापतच नाही.

काटा सावकाश वर जातो, धपकन खाली येतो, पुन्हा सावकाश वर जातो, अशी ठरावीक लय असेल तर थर्मोस्टॅट अडकत-अडकत उघडतो आहे, किंवा पाण्यात हवा कोंडली आहे.

आणि काटा एका क्षणात या टोकाहून त्या टोकाला उडी मारत असेल तर? इथे थोडे गणित करू. छोट्या मोटारीत समजा ५ लिटर पाणी आहे. ते ३० अंशांनी तापवायला १५० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढी उष्णता एका सेकंदात द्यायची तर ६०० किलोवॅटहून जास्त ताकद हवी. छोट्या मोटारीचे सगळे इंजिन मिळून त्याच्या आसपाससुद्धा नसते. म्हणजे पाणी खरोखर इतक्या झटक्यात तापलेले नाही. मग दोनच गोष्टी उरतात. एक तर तार, जोड किंवा अर्थिंग खराब आहे. नाहीतर पाणी कमी झाल्याने सेन्सरवर कधी पाणी, कधी वाफ येते आहे. पहिली गोष्ट किरकोळ, दुसरी जीवघेणी. दोन्हींत काटा सारखाच नाचतो. म्हणून "वायरिंगचा प्रॉब्लेम असेल" असे म्हणून हात झटकण्याआधी थंड गाडीचे पाणी बघायचेच, हा नियम करा.

आणखी एक सांगतो. वर चढलेला काटा अचानक थंडाच्या खुणेवर आला की आपल्याला हायसे वाटते. तिथेच घात होतो. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन आत भाजत असते आणि काटा मात्र थंड दाखवतो. विनाकारण खाली आलेल्या काट्याला वर गेलेल्या काट्याइतकेच भ्यावे.

सगळेच हेलकावे मात्र वाईट नसतात. विजेचा पंखा सुरू झाला की काटा किंचित उतरतो, बंद झाला की किंचित चढतो. हे गाडीचे श्वास घेणे समजा. नव्या गाड्यांत तर संगणक काट्याला मुद्दाम मधे धरून ठेवतो. पाणी ८० चे १०० अंश झाले तरी कित्येक गाड्यांत काटा जागचा हलत नाही. अशा गाडीचा काटा हलला तर गोष्ट बरीच पुढे गेली आहे असे धरून चाला. आणि ज्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा-तांबडा दिवा आहे, तिथे तांबडा दिवा लागला की पुढचे गाव गाठायचा विचार सोडा.

तपासणीचा क्रम: स्वस्त आधी, महाग शेवटी

पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, सुरुवात करा. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचे १०० अंशांवरचे पाणी झाकण सैल होताच उसळते आणि तोंड-हात भाजतात.

पहिले, पाणी. नुसती बाजूची प्लास्टिकची बाटली पाहून समाधान मानू नका. झाकण खराब असेल तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. रेडिएटरला झाकण असेल तर ते उघडून आत बघा.

दुसरे, झाकणाचे रबर आणि स्प्रिंग. शंका आली तर त्याच आकड्याचे नवे घ्या.

तिसरे, पट्टा आणि होज पाईप. पाईप दाबून पाहा, चिरा पडल्यात का, जोडांवर पांढरे-हिरवे वाळलेले डाग आहेत का. डाग म्हणजे गळती.

चौथे, जाळी. आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचा भुगा, चिपाडाची धूळ आणि रस्त्यावरचा फुफाटा जाळीत बसतो, त्यावर ऑइलचा ओलावा आला की त्याचा लेपच तयार होतो. मोटारीत एसीची जाळी पुढे व रेडिएटर मागे, दोन्हींच्या मधला कचरा बाहेरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि दुखणे वाढते.

पाचवे, तारा. सेन्सरची पिन काढून स्वच्छ करा, बॅटरीची आणि इंजिनची अर्थिंग घट्ट करा. हेडलाइट लावल्यावर किंवा हॉर्न दिल्यावर काटा सरकत असेल तर अर्थिंगचाच दोष समजा. जुन्या एकतारी सेन्सरमध्ये आटे बुडवून टेप गुंडाळला असेल तर सेन्सरची अर्थिंग तुटते, हेही पाहा. नव्या गाडीत तारांशी खेळू नका. तिथे स्कॅनर लावला की संगणकाला दिसणारे खरे अंश आकड्यांत वाचता येतात. "पी ०१२८" असा कोड आला तर पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या उष्णतेपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ.

सहावे, थर्मोस्टॅट. तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर ठेवा आणि चूल पेटवा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला तर तो चांगला. घरच्या घरी होणारी ही परीक्षा आहे. फक्त पातेले स्वयंपाकाचे घेऊ नका, नाहीतर घरात वेगळेच टेंपरेचर वाढेल.

सातवे, कोंडलेली हवा. कूलिंगचे काम झाल्यावर घाईने पाणी ओतले की हवा आत राहते. गाडी चढावर तोंड वर करून उभी करा, हीटर गरमवर ठेवा, सावकाश भरा, हवेचा स्क्रू असेल तर तो सोडा.

हे सगळे झाल्यावरच शेवटचा संशय हेड गॅस्केटवर घ्यावा. त्याची लक्षणे स्पष्ट असतात. गळती दिसत नाही तरी गाडी पाणी खाते. थंड इंजिन सुरू करताच थोड्याच वेळात वरचा होज पाईप टणक होतो. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. ऑइल दुधाळ होते. यासाठी एक निळे रसायन मिळते. पाण्यावरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळे झाले तर जळलेला वायू पाण्यात शिरतो हे सिद्ध होते. ही परीक्षा न करता हेड खोलायला परवानगी देऊ नका. हेड खोलल्यावर "आता खोललंच आहे तर हेही करून टाकू" ही यादी सुरू होते आणि ती कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत चीड येते तिच्याकडे वळतो. गाडी तापली की पुष्कळ ठिकाणी पहिला उपाय होतो तो थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा. "हा थंड देशातला भाग आहे, आपल्या उन्हात त्याची गरजच नाही," असे छातीठोकपणे सांगितले जाते. ऐकायला हे पटते. मार्च-एप्रिलच्या चाळीस अंशांच्या उन्हात इंजिन आणखी कशाला तापवायचे?

पण विचार करा. बाहेर ४० अंश असले तरी इंजिनच्या पाण्याला ८५-९० अंश लागतात. त्याच्या खाली धातू ठरलेल्या मापाला फुगत नाहीत, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात, इंधन नीट न जळता ऑइलमध्ये उतरते आणि डिझेल जास्त लागते. संगणकाच्या गाडीला तर इंजिन अजून थंडच आहे असे वाटत राहते आणि ती जादा इंधन सोडत राहते. आणखी एक गंमत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतल्या फिरण्याची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, निम्मे पाणी रेडिएटरला न जाताच फिरते आणि भाराखाली गाडी उलट जास्त तापते! म्हणजे ज्या रोगासाठी औषध केले तोच बळावतो.

मिस्त्रीचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली येतो, मालक खूश होतो, काम झाले असे दोघांनाही वाटते. पण जाळी बुजलेली असते, ती तशीच राहते. ताप मोजायचा थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही. आपणच मिस्त्रीला म्हणतो, "काहीतरी कर, पण आजच्या आज गाडी दे." मग तो बिचारा तरी काय करणार? घाई आपली, आणि दोष त्याचा, हे बरोबर नाही. निदानाला वेळ लागतो, आणि त्या वेळाची मजुरी आनंदाने द्यावी. सुटा भाग बदलल्याचे पैसे आपण देतो, पण "दोष शोधला, एक तार घट्ट केली" याचे पैसे द्यायला कुरकुरतो. म्हणून तर भाग बदलायची सवय वाढली.

विहिरीचे पाणी आणि इव्हॅपोरेटरचा धडा

दुसरी खोड म्हणजे विहिरीचे, बोअरचे पाणी सरसकट ओतण्याची. आपल्या भागात पाण्यात क्षार किती आहेत ते चहाच्या पातेल्याला बसणाऱ्या पांढऱ्या कटावरून कळते. तोच कट रेडिएटरच्या आणि इंजिनच्या आतल्या वाटांत बसतो. कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना असा कट धरला की उष्णता पुढे जात नाही, वाफ जास्त लागते, म्हणून हंगामात ठरावीक दिवसांनी तो साफ करावाच लागतो. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे करावे लागते ते आपल्या गाडीला नको का?

कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ठरलेल्या प्रमाणात वापरा. कूलंटमुळे गंज धरत नाही आणि पाणी थोडे उशिरा उकळते. अडचणीत साधे पाणी ओतावे लागले तर ओता, पण घरी आल्यावर ते काढून टाका. एक सावधगिरी: बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, ओढ्यात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका. जनावर आणि कुत्रे चाटायला येतात. लहान मुलांपासूनही दूर ठेवा.

काटा लाल रेषेकडे गेला तर

घाटात किंवा चढाला काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा. उन्हात ते असह्य होते, पण तेवढी उष्णता इंजिनमधून बाहेर पडते. खालच्या गिअरमध्ये, हळू चला. तरीही काटा उतरला नाही तर रस्ता सोडून बाजूला घ्या. पाणी गळते आहे, वाफ येते आहे किंवा तांबडा दिवा लागला आहे असे दिसले तर इंजिन लगेच बंद करा. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गाडी निवल्यावर झाकणावर जाड फडके धरून, आधी थोडे फिरवून दाब जाऊ द्या, मग उघडा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांना खास सांगणे आहे. रात्री भरली ट्रॉली रस्त्यात बंद पडली की ती अंधारात भिंतीसारखी उभी असते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही. असे अपघात आपल्या भागात होतात, आणि घरातला कर्ता माणूस जातो. मागे रिफ्लेक्टर लावा, अंतरावर त्रिकोण ठेवा, एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा करा. आणि चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. तापलेल्या काट्याकडे केलेले दुर्लक्ष इथवर येऊन पोहोचते, म्हणून मी याला गाडीचा किरकोळ बिघाड म्हणत नाही. शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा हे आपण शेतकी खात्याकडून नेहमी ऐकतो. रस्त्यात ट्रॉली अडकली की ऊस वाळतो, वजन घटते, आणि उताराही पडतो. ज्याचा ऊस त्यात आहे त्या सभासदाचा यात काय दोष?

कारखान्याने काय करावे?

माझी सूचना साधी आहे. वाहतुकीचे करार करताना आपण वाहनाची कागदपत्रे बघतो. त्यासोबत बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी एक आठवडा वाहन तपासणीचा ठेवावा. पाणी, झाकण, पट्टा, जाळी, पंखा, काटा आणि मागचे रिफ्लेक्टर, एवढ्या सातच गोष्टी. एका वाहनाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. जवळच्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गातील मुलांना मदतीला घ्यावे. त्यांना अनुभव मिळेल, आपल्याला हात मिळतील. सभासदांच्या खाजगी मोटारीही नाममात्र शुल्क घेऊन तपासाव्यात. एक साधा स्कॅनर आणि झाकणाचा दाब तपासणारा पंप सहकारी तत्त्वावर घेतला तर कुणा एकावर भार पडणार नाही. एकट्याला जे परवडत नाही ते सर्वांनी मिळून घ्यायचे, याचसाठी तर आपण सहकारात आलो.

काही जण म्हणतील, ज्याची गाडी त्याने बघावी, कारखान्याने यात का पडावे? प्रश्न रास्त आहे. पण गाडी एकाची असली तरी ऊस दुसऱ्याचा असतो, आणि रस्ता सगळ्यांचा असतो. म्हणून हा विषय खाजगी राहत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव यावा, त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, अशी माझी विनंती आहे. कुणाला याहून चांगला मार्ग सुचत असेल तर तोही मांडावा.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे तरी करावे. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी पाहावे. आणि घरातल्या शिकत्या मुला-मुलींना शेजारी उभे करून दाखवावे. पुढच्या काळात या गाड्या त्याच चालवणार आहेत.